भरतीच्या पाण्याची परतीची वाट

भूगोलाच्या तासाला ‘भरती आणि ओहोटी’ हा पाठ शिकवायची वेळ आली की पुणतांब्यासारख्या गावातल्या शिक्षकाची थोडी पंचाईत होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले हे गाव गोदावरीच्या दक्षिण काठावर वसले आहे. चांगदेवांची समाधी, नदीचा घाट, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे स्थानक ही त्याची ओळख. समोर बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. चंद्राच्या आकर्षणाने पाणी चढते आणि उतरते, हे ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. खाजण, खारफुटी, दलदल हे शब्द तर त्यांच्या दृष्टीने परदेशीच.

आम्हाला मात्र असे वाटते की, हा पाठ गंगथडीच्या मुलांना अगदी जवळचा करून सांगता येतो. त्यासाठी घाटावर उभे राहून एकच प्रश्न विचारायचा : हे समोरचे पाणी शेवटी कुठे जाते? आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न : आपल्या शेतात आलेले पाणी शेवटी कुठे जाते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला पूर्व किनाऱ्यावरच्या कोरिंगाच्या दलदलीत नेऊन पोचवते. दुसऱ्याचे उत्तर पुन्हा आपल्याच बांधावर आणून सोडते. या दोन्हींच्या मध्ये एक इतिहास आहे. माणसाने भरतीचे पाणी कसे अडवले, त्यातून काय मिळवले, काय गमावले, आणि अलीकडे काही ठिकाणी ते पाणी पुन्हा मोकळे का करावे लागले, याचा तो इतिहास.

दलदलीचा श्वास

आधी थोडे विज्ञान. आपल्या किनाऱ्यावर साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत वर चढते, तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो, तो भांग. खाडीकाठच्या सखल चिखलात खालच्या पट्ट्यावर पाणी रोज दोनदा येते, वरच्या पट्ट्यावर फक्त उधाणाला पोचते. पाण्याच्या या वेळापत्रकाप्रमाणेच तेथली झाडे आपापली जागा धरतात. तिवर, कांदळ, चिपी अशी ही खारफुटीची मंडळी. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ओहोटी लागली की ही मुळे हवेतून तो घेतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खारफुटीला खारे पाणी चालते याचा अर्थ तिला मीठ कितीही चालते असा नाही. तिला पाण्याचे येणे जितके हवे असते तितकेच त्याचे जाणेही. भरती पाणी, गाळ, बिया आणि माशांची पिले आत आणते. ओहोटी साचलेले मीठ, कुजलेल्या पानांचा अर्क आणि नासलेले पाणी बाहेर नेते. छातीत हवा घ्यावी आणि सोडावी, तशीच ही क्रिया आहे. श्वास नुसता घेत राहून कोणी जगत नाही.

पाणी परत गेले नाही तर काय होते, ते फळ्यावर मांडून पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एक गुंठा जमीन, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, घेतली आणि तिच्यावर १० सेंटिमीटर खारे पाणी साचले असे धरले, तर ते पाणी १०,१०० लिटर भरते. त्यात सुमारे ३५० किलो क्षार होतात. उन्हाने पाणी आटले की पाणी उडून जाते, पण क्षार जागेवर राहतात. पन्नास किलोची सात पोती मीठ एका गुंठ्यावर पसरल्यासारखेच झाले! पुढच्या उधाणाला पुन्हा तेच. अशा जागी काही काळाने तिवरासारखे चिवट झाडही तग धरत नाही. मग वर पांढरा थर आणि खाली काळा चिखल असे उजाड पट्टे दिसू लागतात.

अडवण्याचा इतिहास : खारेपाट

भरतीचे पाणी अडवण्याची विद्या आपल्या कोकणात फार जुनी आहे. अलिबाग-पेण भागातला खारेपाट हा तिचाच परिणाम. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, आतल्या जमिनीवर पावसाचे पाणी खेळवून मीठ धुऊन काढायचे आणि तेथे भात लावायचे, अशी ही रीत. काळा राता, भुरा राता यांसारखे मीठ सोसणारे तांबड्या तांदळाचे वाण शेतकऱ्यांनीच पिढ्यान् पिढ्या जोपासले. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्यावर काम करून नवे वाण दिले.

या बांधातली खरी युक्ती म्हणजे उघाडी. बांधात ठेवलेले हे पाण्याचे दार. त्याची झडप अशी बसवलेली असते की, भरतीच्या पाण्याचा दाब बाहेरून आला की ती मिटते आणि ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याचा दाब जास्त झाला की ती आपोआप उघडते. म्हणजे खारे पाणी आत नाही, पण आतले पाणी बाहेर! गोव्यातल्या खाजन शेतीत अशाच दारांना मानस म्हणतात आणि त्यांची देखभाल गावकरी संस्था करीत असत. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या पूर्वजांनी भरती अडवली तरी ओहोटी अडवली नाही. पाण्याची परतीची वाट त्यांनी मोकळी ठेवली होती, म्हणूनच ती शेती शतकानुशतके टिकली.

पुणतांब्याच्या वाचकांना खारेपाटाशी नाते जोडणारा आणखी एक धागा आहे. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक पुणतांब्यातून दिली गेली, हे सर्वांना आठवत असेल. त्या वेळी अनेकांनी ज्या जुन्या संपाची आठवण काढली, तो चरीचा संप. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला. १९३९ मध्ये मुंबई इलाख्यात कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, त्यामागे या संपाचे बळ होते. चरीचा परिसर हा खारेपाटाचाच भाग आहे. म्हणजे ज्या जमिनीसाठी ही माणसे सहा वर्षे उपाशी राहिली, ती बरीचशी भरतीकडून हातांनी मिळवलेली जमीन होती. दलदल परत निसर्गाच्या स्वाधीन करा असे शहरात बसून म्हणणे सोपे असते. बांधाच्या आत कोणाचे तरी भात उभे असते, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारच्या अंगावर आले. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला. बांध सरकारी झाले, पण गावाने एकत्र येऊन फुटलेला बांध रातोरात बुजवण्याची जुनी चाल हळूहळू मागे पडली. बांध फुटून राहिले तेथे खारे पाणी शिरले, शेती गेली आणि काही वर्षांत तिवरे उगवली. त्याच जमिनीकडे शेतकरी ‘बुडालेले शेत’ म्हणून पाहतो आणि वनखाते ‘वाढलेले कांदळवन’ म्हणून. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला

आता घाटावरच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्याही आत आहे. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. नांदूर मधमेश्वर, कोपरगाव, पुणतांबा, पैठण, नांदेड, भद्राचलम असा प्रवास करून ती राजमहेंद्रवरमच्या खाली फाटे फोडते. तिच्या गौतमी या फाट्याच्या मुखाजवळ, काकीनाडा शहराशेजारी, कोरिंगाची खारफुटी पसरलेली आहे. देशातल्या मोठ्या खारफुटी वनांपैकी हे एक. १९७८ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

कोरिंगा हे एके काळी गजबजलेले बंदर होते. डिसेंबर १७८९ मध्ये वादळाबरोबर आलेल्या प्रचंड लाटांनी ते बुडाले, नोव्हेंबर १८३९ मध्ये पुन्हा तसेच घडले आणि मग त्या बंदराने डोके वर काढले नाही. अशा वादळांचा अभ्यास करणारा हेन्री पिडिंग्टन हा कोलकात्यात राहणारा गृहस्थ. वेटोळे घातलेल्या सापाची आठवण देणाऱ्या ग्रीक शब्दावरून १८४० च्या दशकात त्याने ‘सायक्लोन’ हे नाव रूढ केले. आज जगभर वापरला जाणारा तो शब्द आपल्या बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या अभ्यासातून आला आहे.

बंदर गेले तरी जंगल राहिले. पण माणसाची कुऱ्हाड तेथे पोचलीच. पूर्व किनाऱ्यावरच्या खारफुटीत ब्रिटिश काळापासून एक पद्धत चालत आली होती. जंगलाचे पट्टे पाडायचे, एकेका पट्ट्यातली सगळी झाडे जळणासाठी आणि लाकडासाठी मुळापासून तोडायची, आणि काही वर्षांनी जंगल पुन्हा उभे राहील अशी अपेक्षा धरून पुढच्या पट्ट्याकडे वळायचे. डोंगरातल्या सागवानासाठी लावलेला हिशेब दलदलीला लावला गेला. तमिळनाडूत चिदंबरमजवळच्या पिचावरमच्या वनात ही तोड १९७० च्या दशकापर्यंत चालू होती.

जंगल मात्र पुन्हा उभे राहिले नाही. तोडलेले पट्टे उजाड पडले आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले. सोपे स्पष्टीकरण तयार होते : आजूबाजूची गरीब माणसे जळण नेतात आणि गुरे चरायला सोडतात, म्हणून जंगल वाढत नाही. उपायही सोपा : लोकांना हाकला आणि रोपे लावा. रोपे लावली गेली आणि ती मेली.

खड्ड्याचा शोध

१९९० च्या दशकात चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या शास्त्रज्ञांनी पिचावरमच्या उजाड पट्ट्यांचा नीट अभ्यास केला. व्ही. सेल्वम हे त्यांतले एक प्रमुख नाव. त्यांनी झाडांऐवजी जमिनीची उंची, पाणी आणि मातीतले मीठ मोजले. तेव्हा कारण हाती आले. पट्ट्यातली सगळी झाडे एकदम तोडल्यावर चिखलावरची सावली गेली. ऊन थेट पडू लागले, मातीतले पाणी उडाले, चिकण माती आकसली आणि खचली. पट्ट्याच्या जागी बशीसारखा उथळ खड्डा तयार झाला. उधाणाचे पाणी त्यात शिरे, पण ओहोटीला बाहेर पडू शकत नसे. ते तेथेच आटे आणि मीठ मागे राही. आपण वर जो एका गुंठ्याचा हिशेब केला, तोच तेथे दर उधाणाला घडत होता. म्हणजे जंगल वाढत नव्हते ते मुख्यतः पाण्याची परतीची वाट बुजल्यामुळे. गरीब गावकऱ्यांवर ठेवलेला ठपका बऱ्याच अंशी चुकीचा होता.

शास्त्राच्या इतिहासात असे अनेकदा घडते. डोळ्यांना जे दिसते, गुरे आणि कुऱ्हाड, त्यालाच आपण कारण समजतो. काही सेंटिमीटरांचा खचलेला उतार डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावा लागतो.

कारण कळल्यावर उपाय साधा होता. जवळच्या नैसर्गिक खाडीपासून उजाड पट्ट्यात एक मुख्य चर खणायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे उपचर जोडायचे. वरून पाहिले तर माशाचा काटा दिसावा अशी ही रचना. चर वर रुंद आणि तळाशी अरुंद ठेवायचे, म्हणजे कडा ढासळत नाहीत. आता भरती आली की पाणी सगळ्या पट्ट्यात पोचते आणि ओहोटी लागली की परत निघते. येताना मीठ थोडे विरघळवते, जाताना घेऊन जाते. मातीचा खारेपणा उतरला की चरांच्या कडेने तिवराची रोपे लावायची. पुढे पाण्याबरोबर आलेल्या बिया आपापली जागा शोधतात.

हे काम वनखाते, शास्त्रज्ञ आणि आसपासच्या गावांतील मच्छीमार व शेतकरी यांनी मिळून केले. चर वर्षा-दोन वर्षांत गाळाने भरतात, ते उपसत राहावे लागतात. गावाला त्यात आपलेपणा वाटला नाही तर सगळे पुन्हा पूर्ववत होते. उपग्रहचित्रांच्या तुलनेनुसार १९८६ ते २००२ या काळात पिचावरममधील खारफुटीचे क्षेत्र सुमारे ९० टक्क्यांनी वाढले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हीच पद्धत आंध्र प्रदेशात गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशी वापरली गेली. म्हणजे पुणतांब्यावरून वाहत जाणारी नदी जेथे समुद्राला भेटते, तेथेही माणसे कुदळ-फावडे घेऊन भरतीला वाट करून देत होती.

जगात इतरत्रही हाच धडा मिळाला आहे. अमेरिकेतील फ्लोरिडात रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने आधी पाण्याचा चढ-उतार पूर्ववत करा, रोपांची घाई करू नका, असे सांगून तसे करून दाखवले. जमिनीची उंची आणि खाड्यांच्या वाटा नीट झाल्यावर न लावताही झाडे उगवली. याच्या उलट, २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत उत्साहाने सुमारे हजार हेक्टरांवर खारफुटी लावली गेली. पुढे पाहणी झाली तेव्हा पाचव्या हिश्श्याच्या आसपासच क्षेत्र जगलेले आढळले. चुकीच्या उंचीवर आणि चुकीच्या पाण्यात रोपे लावणे हे त्याचे एक मोठे कारण होते. लावलेल्या रोपांची संख्या वर्तमानपत्रात छापून येते, जगलेल्यांची सहसा येत नाही.

वरच्या अंगाचे आपण

येथपर्यंतची गोष्ट समाधानाची आहे. पण ती अर्धीच आहे. दलदलीला समुद्राकडून भरती लागते, तसे नदीकडून गोडे पाणी आणि गाळही लागतो. तो कोठून येतो? त्याचे उत्तर आपल्या बाजूला आहे.

गोदावरीवर माणसाचा हात पडल्याला बराच काळ झाला. आर्थर कॉटन या अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम येथे बंधारा बांधला आणि दुष्काळाने गांजलेला तो त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार झाला. तेथले शेतकरी आजही त्याचे नाव आदराने घेतात. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि त्यावरचे डावे-उजवे कालवे झाले, मग दारणा, पुढे गंगापूर, आणि १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी. नांदूर मधमेश्वरच्या साचलेल्या पाण्यावर पक्षी जमू लागले आणि ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले, हीही याच इतिहासातली एक गंमत.

या सगळ्या धरणांनी शेती दिली, पिण्याचे पाणी दिले. पण धरणात पाणी थांबले की गाळ तळाशी बसतो. आंध्र विद्यापीठातील हेमा मालिनी आणि नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, धवळेश्वरमपाशी नदीच्या पाण्यातून वाहून येणारा गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन होता, तो १९९० च्या दशकात ६ कोटी टनांच्याही खाली आला. त्रिभुज प्रदेशाची जमीन मुळात दबत, खचत असते. दरवर्षीचा नवा गाळ ती भरपाई करीत असतो. तो कमी झाला की समुद्र आत येतो आणि किनाऱ्याची झीज होते. याच अभ्यासात १९७६ ते २००१ या काळात किनाऱ्यावरील सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन गेल्याचे दिसून आले.

याचा अर्थ धरणे फोडा असा नाही. पण ‘समुद्राला वाहून जाणारे पाणी वाया जाते’ हे वाक्य आपण वर्गात जितक्या सहजपणे बोलतो, तितक्या सहजपणे ते बोलू नये, एवढे तरी यातून शिकायला हवे. पुणतांब्याच्या पुराचे गढूळ पाणी कोरिंगाच्या चिखलात कोणाच्या तरी पायाखालची जमीन होत असते.

मुंबईच्या दारात

आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर काय चालले आहे? मुंबई हे शहरच भरतीच्या वाटा बुजवून उभे राहिले. अठराव्या शतकात वरळीची खिंड बांधाने बंद केली गेली आणि बेटांमधली दलदल हळूहळू जमीन झाली. त्यानंतर भर घालण्याचे काम कधी थांबलेच नाही. खारफुटीवरचा हा घाला रोखण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल दिला. २०१२ मध्ये वनखात्यात खास कांदळवन कक्ष स्थापन झाला. ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पण केवळ कुऱ्हाड थांबवून दलदल वाचत नाही, याचा पुरावा २०२४ मध्ये नवी मुंबईत नेरूळला मिळाला. खाडीलगतच्या एका तळ्यावर हजारो फ्लेमिंगो उतरत असत. भरतीचे पाणी तळ्यात येण्याच्या वाटा बुजल्या आणि तळे सुकू लागले. त्या वर्षी तेथे काही फ्लेमिंगो मेलेले आढळले आणि पाण्याचा मार्ग पुन्हा मोकळा करण्याची मागणी जोराने पुढे आली. तेथे कोणी झाड तोडले नव्हते. पाण्याची ये-जा थांबणे एवढे पुरेसे होते. रस्ता बांधताना वेळीच ठेवलेली एक पुरेशी मोठी मोरी जे काम करते, ते नंतर लावलेली हजारो रोपे करू शकत नाहीत.

पुन्हा आपल्या बांधावर

आता दुसरा प्रश्न. आपल्या शेतात आलेले पाणी शेवटी कुठे जाते?

कालव्यांखालच्या काळ्या जमिनीत चोपण आणि खारवट पट्टे का पडतात, हे गंगथडीच्या आणि प्रवराकाठच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातील खारवटलेल्या जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने खास सिंचन विभाग सुरू केला. त्यातूनच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. क्लॉड इंग्लिस यांनी बारामतीकडे निचऱ्याचे चर खणून पाणथळ जमिनी सुधारण्याचे प्रयोग केले.

पुन्हा फळ्याकडे जाऊ. पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात लिटरला फक्त अर्धा ग्रॅम क्षार आहेत असे धरू. चवीला ते गोडच लागेल. उसाला वर्षभरात दोन मीटर खोलीइतके पाणी दिले, तर एका गुंठ्याला सुमारे २ लाख लिटर पाणी झाले आणि त्यातून १०० किलो क्षार आले. एकराला चार टन! पीक पाणी पिते, क्षार बहुतेक जमिनीतच सोडते. निचरा असेल तर ते खाली आणि बाहेर जातात. नसेल तर वर येतात आणि उन्हाळ्यात बांधाच्या कडेला पांढरे दिसतात.

पिचावरमच्या उजाड पट्ट्यात जे समुद्राने केले, तेच येथे कालवा करतो, फक्त सावकाश. तेथला माशाच्या काट्यासारखा चर आणि येथला निचऱ्याचा चर हे एकाच घराण्यातले. खारेपाटाच्या उघाडीचीही तीच जात. आणि येथेही आपली चूक तीच : पाणी आणण्यासाठी आपण मोर्चे काढतो, पाटचारीसाठी भांडतो, पण शेजारचा ओढा नांगरून शेतात घेतला, नाला बुजवून त्यावर रस्ता केला, तर कोणाला फारसे काही वाटत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगे

दोन सारख्या कुंड्या घ्याव्यात. एकीच्या तळाला भोक ठेवावे, दुसरीचे मेणाने बुजवावे. दोन्हींत एकाच शेतातली काळी माती भरून मेथी पेरावी. रोपे उगवल्यावर दोन्हींना एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम मीठ घातलेले पाणी सारख्याच मापाने द्यावे. आठवड्यातून एकदा दोन्हींना भरपूर गोडे पाणी द्यावे. महिनाभर रोज रोपांची उंची, पानांचा रंग आणि मातीवर दिसणारा पांढरेपणा यांची नोंद ठेवावी. भोकाखाली बशी ठेवून तीत जमलेले पाणी उन्हात आटवले, तर मागे राहिलेले मीठ मुलांना डोळ्यांनी दिसेल. भरती-ओहोटीचा पाठ समुद्रापासून शेकडो मैलांवरही शिकवता येतो, तो असा.

त्यानंतर मुलांना एक गृहपाठ द्यावा. गावाचा नकाशा काढायचा आणि त्यावर पाणी गावात कोठून येते ते निळ्या रेघेने दाखवायचे, तर गावातून बाहेर कोठून जाते ते लाल रेघेने. निळ्या रेघा सगळ्यांना येतील. लाल रेघ जेथे अडेल, तेथे मुलांना आजोबांना विचारायला सांगावे की, येथे पूर्वी ओढा होता का. त्या उत्तरांतून जो इतिहास जमा होईल, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नाही.